पाणघोड्याच्या गावची घरपट्टी

ऑस्टिनहून ईशान्येला निघालं आणि राउंड रॉक मागं पडलं, की हायवे ७९ च्या दोन्ही अंगांना जमिनीचा रंग बदलतो. पश्चिमेची चुनखडीची पांढरट, दगडाळ भुई संपते आणि काळी, चिकट माती सुरू होते. माझं माहेर परभणीकडचं, त्यामुळं या मातीची ओळख कुणी करून द्यावी लागली नाही. आपली रेगूर आणि इथली ह्यूस्टन ब्लॅक, दोन्ही व्हर्टिसॉल या एकाच वर्गातल्या. पावसात फुगणाऱ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या, कापसाला मानवणाऱ्या. हटो हे आमचं गाव या मातीवर उभं आहे. परभणीला घर बांधताना पाया मुरमापर्यंत खोदतात. इथं काँक्रीटचा सपाट स्लॅब ओततात, त्यातल्या पोलादी तारा ताणून बसवतात आणि घर त्या स्लॅबवर उभं करतात. ऑगस्टात पाऊस रुसला की घराच्या कडेनं झिरपणारी नळी टाकून मातीला पाणी पाजायचं. नाहीतर माती आक्रसते, स्लॅब एका कोपऱ्यात खचतो आणि दाराच्या चौकटीवरून एक तिरकी भेग छताकडं चढू लागते. नव्या माणसाला गावातल्या जुन्या लोकांकडून पहिला सल्ला मिळतो तो या नळीचा.

गाव १८७६ सालचं. इंटरनॅशनल अँड ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे रूळ या माळावरून गेले, तेव्हा जेम्स एमरी हटो यानं रुळांसाठी आणि गाव वसवण्यासाठी ५० एकर जमीन विकली आणि गावाला त्याचं नाव लागलं. तो स्वतः पुढं १८८५ मध्ये वेकोला जाऊन हार्डवेअरच्या धंद्यात पडला. पण त्याच्याही आधी इथं ॲडम ऑर्गेन राहत होता. मालकानं गुरं राखायला माळावर आणून ठेवलेला गुलाम. गावाच्या इतिहासात अगदी सुरुवातीचा रहिवासी म्हणून त्याचं नाव येतं. माझ्या मते ते नाव सगळ्यात वर आणि ठळक अक्षरांत असायला हवं. जो माणूस स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्यानं या जमिनीवर आधी बिऱ्हाड मांडलं, आणि आज याच जमिनीच्या मालकीवर आम्ही सगळे कर भरतो.

नंतर स्वीडिश आणि जर्मन शेतकरी आले, कापूस आला, जिन आली. त्या जुन्या जिनचे पत्र्याचे सांगाडे आता डागडुजी करून समारंभांसाठी वापरतात आणि शहराचं कार्यालयही त्याच आवारात आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्यावर घड्याळं लावणाऱ्या गावातून आलेल्या बाईला त्या पत्र्याखाली उभं राहून काय वाटत असेल, हे मराठवाड्यातल्या किंवा वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.

आता पाणघोडा. १९१५ साली सर्कशीची आगगाडी हटोच्या स्टेशनात थांबली असताना एक पाणघोडा निसटला आणि जवळच्या कॉटनवुड क्रीकच्या चिखलात जाऊन बसला, अशी गावाची कथा आहे. काही केल्या बाहेर येईना. स्टेशनमास्तरनं शेजारच्या टेलर आणि राउंड रॉक या गावांना तार ठोकली, की गाड्या थांबवा, हटोत पाणघोडा मोकळा सुटलाय. त्यातलं किती घडलं आणि किती नंतर रंगलं, याची फोड करायची मला गरज वाटत नाही. शाळेनं पाणघोडा आपलं चिन्ह म्हणून घेतला. २००३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं हटोला राज्याची पाणघोड्यांची राजधानी म्हणून अधिकृत मान्यता दिली. आज दुकानांसमोर, चर्चसमोर, बँकेसमोर आणि घरांच्या पायऱ्यांशी काँक्रीटचे पाणघोडे बसलेले असतात. व्यापारी मंडळाकडं ते विकतही मिळतात. आमच्याही दारात एक आहे. दसऱ्याला त्याच्या गळ्यात परसातल्या झेंडूची माळ पडते आणि शेजारची मुलं ती बघायला येतात. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला अर्धं गाव नारिंगी कपड्यांत लोटतं, तेव्हा हा एक प्राणी एवढ्या परक्या माणसांना धरून ठेवतो हे डोळ्यांनी दिसतं.

परकी माणसं म्हणते त्याला कारण आहे. १९९० च्या जनगणनेत हटोची लोकसंख्या ६३० होती. २००० मध्ये १,२५०. २०१० मध्ये १४,६९८. २०२० मध्ये २७,५७७. तीस वर्षांत गाव चाळीस पटींहून जास्त वाढलं. ऑस्टिनची घरं हाताबाहेर गेली, राउंड रॉकची महागली, आणि पूर्वेला ही सपाट, स्वस्त काळी जमीन पडून होती. २००६ च्या अखेरीस १३० क्रमांकाचा टोलरस्ता हटोपर्यंत खुला झाला आणि ऑस्टिनच्या नोकऱ्या टप्प्यात आल्या. सकाळी सहापासून गाव रिकामं व्हायला लागतं. कुणी ऑस्टिनमधल्या डोमेन या ऑफिसांच्या भागाकडं, कुणी विमानतळाकडं, कुणी राउंड रॉकला डेलमध्ये. ज्या रुळांनी गाव जन्माला घातलं त्यांच्यावरून आता युनियन पॅसिफिकच्या मैलभर लांब मालगाड्या जातात. टेक्सास ईगल ही प्रवासी गाडीही जाते, पण ती थांबते टेलरला. हटोत नाही.

ऑस्टिनची लोकल आमच्याकडं येत नाही, त्यामागंही कर आहे. टेक्सासात राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के. त्यावर स्थानिक संस्थांना मिळून जास्तीत जास्त दोन टक्के लावता येतात. ऑस्टिनच्या वाहतूक संस्थेत सामील झालेली गावं त्यातला एक टक्का तिला देतात. लिअँडर हे गाव देतं, म्हणून लिअँडरला रेल्वे आहे. हटो त्या संस्थेत नाही. आमचा वाटा शहराच्या तिजोरीत आणि आर्थिक विकास मंडळाकडं जातो, उद्योग आणण्यासाठी. रोज सकाळी टोलनाक्याखालून जाताना मी याच एका टक्क्याचा विचार करते. माझं मत विचाराल तर सौदा आपल्याला महाग पडला आहे.

टेक्सासात उत्पन्नावर राज्याचा कर नाही. २०१९ मध्ये मतदारांनी तो लावण्यावर घटनेतच बंदी घातली. नोकरीसाठी इकडं येणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं आणि आनंद होतो. मग घर घेतात, आणि ऑक्टोबरात काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कर कार्यालयातून एक कागद येतो. कर ३१ जानेवारीच्या आत भरायचा असतो. राज्य स्वतः मालमत्ताकर घेत नाही, पण शाळा, शहर, काउंटी, अग्निशमन हे सगळं त्यावर चालतं. त्या कागदावर एकेका संस्थेची एकेक ओळ असते: काउंटी, काउंटीचे रस्ते, हटो शहर, आपत्कालीन सेवांचा जिल्हा आणि हटो शाळा जिल्हा, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. गावाच्या हद्दीबाहेरच्या काही वसाहतींत यात आणखी एक ओळ येते, म्यूडची. म्हणजे शेतात पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकण्यासाठी कर्ज काढून ते तिथल्या घरमालकांकडून वर्षानुवर्षं फेडून घेणारी संस्था. घर बघायला गेल्यावर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटवर हात फिरवण्याआधी ही ओळ आहे का ते विचारावं.

सगळ्यात मोठी ओळ शाळेची. एकूण रकमेचा निम्मा किंवा त्याच्या आसपासचा भाग तिचा असतो.

नव्या वसाहतींत दरवर्षी एक गोष्ट घडते. मालमत्तेची किंमत धरतात ती १ जानेवारीची. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसती माती असेल, तर पहिल्या वर्षीचा कर मातीचा येतो. कर्ज देणारी कंपनी त्या हिशेबानं महिन्याच्या हप्त्यात कराचे पैसे बाजूला काढत राहते. दुसऱ्या वर्षी घरासकट किंमत लागते, या बाजूला काढलेल्या पैशांच्या खात्यात, म्हणजे एस्क्रोत, मोठा खड्डा पडतो, आणि हप्ता एकदम काहीशे डॉलरनं वाढतो. दिवाळीच्या फराळाला आमच्याकडं जमणाऱ्या नव्या जोडप्यांपैकी कुणाच्या तरी चेहऱ्यावर हा हप्ता असतोच. त्यांना मी आधी विचारते, होमस्टेडचा अर्ज केला का? राहतं घर असेल तर शाळेच्या करासाठी किमतीतून ठरावीक रक्कम वगळतात. ती बरीच वर्षं २५,००० डॉलर होती, मग ४०,००० झाली, २०२३ मध्ये १,००,००० आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ती १,४०,००० केली. समजा घर साडेतीन लाखांचं आहे आणि शाळेचा दर शंभर डॉलरमागं १ डॉलर २० सेंट आहे. सूट नसेल तर ४,२०० डॉलर. सूट घेतली तर २,५२०. या अर्जाला नागरिकत्व लागत नाही, वकील लागत नाही, फी लागत नाही. तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो, एवढंच. फीसाठी हात पुढं करणाऱ्या कंपन्यांची पत्रं येतात, ती सरळ फाडून टाकावीत. शिवाय राहत्या घराची करपात्र किंमत त्यानंतर वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

वसंतात मूल्यांकनाची नोटीस येते आणि साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. मी जॉर्जटाउनच्या मूल्यांकन कार्यालयात गेले आहे. टेबलापलीकडच्या मूल्यांकन अधिकाऱ्याशी आधी बोलणं होतं. तिथं पटलं नाही तर तीन सामान्य नागरिकांच्या मंडळापुढं शपथ घेऊन बाजू मांडायची. टेक्सासात घर कितीला विकलं हे सरकारला कळवायची सक्ती नाही, त्यामुळं दोन्ही बाजूंकडं अंदाजच असतात. मी दोन गोष्टी नेल्या होत्या: पाया दुरुस्त करणाऱ्यानं दिलेला खर्चाचा कागद, आणि जेवणघराच्या दारावरून चढलेल्या त्या तिरक्या भेगेचा फोटो, बाजूला मोजपट्टी धरून काढलेला. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला आणि विचारलं, घर रुळांच्या कुठल्या बाजूला? मी सांगितलं. ते म्हणाले, तिकडची माती मला माहीत आहे. किंमत थोडी उतरली. पैशांपेक्षा मला तो प्रश्न आवडला. या गावाची माती माहीत असलेला माणूस माझ्या कराचा निर्णय करत होता.

वाटेत अजून मोकळी रानं दिसतात आणि त्यांत पाच-सहा गाई. दोन्हीकडं नवी छपरं आणि मधोमध गाई, असं ते दृश्य असतं. शेतजमिनीचा कर बाजारभावावर नाही, पिकाच्या उत्पन्नावर धरतात, त्यामुळं बिल्डरची वाट पाहणारी कोट्यवधींची जमीन गवताच्या भावानं कर देते. वापर बदलला की मागच्या तीन वर्षांचा फरक वसूल होतो. शेती टिकावी म्हणून ही सवलत हवीच. पण आज तिचा मोठा लाभ शेती सोडायच्या तयारीत असलेल्यांना होतो, आणि बाजूच्या छोट्या घरातल्या विधवा बाई पूर्ण दरानं भरतात, हे मला योग्य वाटत नाही. पासष्टीनंतर शाळेचा कर गोठतो, तो तिला आधार. भाड्यानं राहणाऱ्याला तर कुठलीच सूट नाही. तो कर भाड्यातून भरतो आणि त्याच्या नावाचा कागदही येत नाही.

झोपायला येणाऱ्यांच्या गावाचं खरं दुखणं इथं आहे. शाळा चालते मालमत्तेवर, आणि आमच्याकडची मालमत्ता म्हणजे मुख्यतः घरं. घरातून मुलं येतात, मुलांना वर्ग लागतात. कारखान्यातून कर येतो, मुलं येत नाहीत. डेलचं मुख्यालय राउंड रॉकमध्ये. २०२१ च्या नोव्हेंबरात सॅमसंगनं १७ अब्ज डॉलरचा चिपचा कारखाना जाहीर केला तो पलीकडच्या टेलरला. तिथं काम करणारी कुटुंबं घर मात्र हटोतही शोधणार. गावात उद्योगासाठी जमिनी राखून ठेवण्यावरून जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी हा हिशेब आहे, आणि मी त्या वादात उद्योगाच्या बाजूची आहे.

राज्य या विषमतेवर उतारा म्हणून पैसे फिरवतं. सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब शाळा जिल्ह्यानं १९८४ मध्ये राज्याला कोर्टात खेचलं, १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं जुनी पद्धत घटनाबाह्य ठरवली, आणि १९९३ पासून श्रीमंत जिल्ह्यांचा जादा कर राज्याकडं जाऊ लागला. लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. त्यात सर्वांत जास्त पैसे भरतो तो ऑस्टिनचा शाळा जिल्हा. म्हणजे ज्या शहरात आम्ही दिवसभर काम करतो, तिथल्या घरमालकांचा पैसा आमच्यासारख्या गावांच्या शाळांना पोचणाऱ्या मदतीत मिसळलेला आहे. दर मुलामागं मिळणारी राज्याची मूळ रक्कम २०१९ ते २०२५ या काळात ६,१६० डॉलरवर अडकून होती. महागाई त्या काळात कुठल्या कुठं गेली. २०२५ मध्ये त्यात वाढ झाली ती ५५ डॉलरची. ज्या राज्याच्या तिजोरीत अब्जावधींची शिल्लक पडून होती, तिथं मुलांसाठी इतका हात आखडावा याचा मला संताप येतो.

आणि ही रक्कम पटावर मिळत नाही, हजेरीवर मिळते. मूल वर्गात बसलेलं मोजतात. आपली मंडळी डिसेंबरात मुलांना घेऊन पाच आठवडे पुण्याला, नागपूरला जातात. आजीआजोबांना नातवंडं दिसावीत, लग्न उरकावं. मी हे चुकीचं म्हणणार नाही, आम्हीही गेलो आहोत. पण त्या पाच आठवड्यांत मुलाची खुर्ची रिकामी असते आणि शाळेचा पैसा बुडतो, हे फार जणांना माहीत नसतं. आता आमच्या ओळखीतली बरीच कुटुंबं सुट्टीच्या तारखा आधी बघतात आणि मग तिकिटं काढतात.

वाढत्या गावाच्या शाळांचं दृश्य सांगते. इमारत नवी कोरी, रंगाचा वास न गेलेला, आणि दोन वर्षांत तिच्या मागच्या मैदानावर पत्र्याच्या पोर्टेबल खोल्यांची रांग लागते. मग हद्दी नव्यानं आखतात. रस्त्याच्या या बाजूची मुलं या शाळेत, त्या बाजूची त्या शाळेत. शाळा मंडळाची ती बैठक गावातल्या कुठल्याही बैठकीपेक्षा जास्त भरते. नाव नोंदवायचं, माइकसमोर उभं राहायचं, समोरच्या घड्याळात तीन मिनिटं उलटी धावायला लागतात. एका आईनं मुलीचं चित्र आणलं होतं: तिची शाळा, मैत्रीण, मधे रस्ता. तिच्यानंतर बोललेल्या बापानं सरळ आकडे मांडले: कुठल्या वसाहतीत किती घरं उठतायत, बस किती वळसा घेणार. मंडळाचे सदस्य बिनपगारी, याच गावातले, दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तुमच्यासमोर रांगेत उभे असणारे. मला ती बैठक ग्रामसभेपेक्षा जवळची वाटली, कारण समोरच्याला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार खरोखर होता.

शाळेच्या करात दोन दर असतात. एम अँड ओ म्हणजे पगार, वीज, बस. आय अँड एस म्हणजे इमारतींच्या कर्जाची फेड. दुसऱ्याचा पैसा पहिल्याला लावता येत नाही. नव्या इमारतीला पैसे आहेत आणि शिक्षकांना नाहीत, ही तक्रार गावात सतत ऐकू येते. तिचं उत्तर या दोन दरांत आहे. कर्ज काढायचं तर बाँडवर, म्हणजे कर्जरोख्यांवर, मतदान घ्यावं लागतं. २०१९ च्या कायद्यापासून प्रत्येक शाळेच्या बाँडच्या मतपत्रिकेवर हा मालमत्ताकर वाढवण्याचा प्रस्ताव आहे असं मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, मग जिल्ह्याचा दर प्रत्यक्षात वाढणार असो वा नसो. स्टेडियमसारख्या गोष्टींना वेगळा प्रस्ताव मांडावा लागतो. मतदानाला माणसं थोडी येतात. कोट्यवधी डॉलरचा निर्णय मूठभर मतांनी होऊ शकतो.

आणि आमच्या घरात ते मत नाही. एच-वन-बीवर आलेलं, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं असलेलं आमच्यासारखं कुटुंब प्रत्येक ओळीचा कर वेळेवर भरतं, पोर्टेबल खोलीत मुलाला बसवतं, आणि बाँडच्या दिवशी घरी बसतं. भारतीयांसाठी ती रांग किती लांब आहे हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते की मत नसलं तरी माइक आहे, हरकतीचा अर्ज आहे, अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी आहे. तिथं कुणी पासपोर्ट मागत नाही. ऑगस्टातल्या त्या सुनावणीला एकदा जाऊन बघा, खुर्च्या रिकाम्या असतात.

आमची लेक इथं जन्मली. टेक्सासच्या कायद्यानुसार हायस्कूलला अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुलांना वर्षातून दोनदा मतदार नोंदणीचा अर्ज द्यावा लागतो आणि सतरा वर्षं दहा महिने झाले की तो भरता येतो. आमच्या घरातलं अमेरिकेतलं पहिलं मत तिचं असेल, बहुधा आम्हा दोघांच्या कितीतरी वर्षं आधी. कराचा कागद आता तीच उघडते आणि मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून ओळीनं ओळ वाचते. वर्गखोल्यांना कुठल्याही बाँडमध्ये हो म्हणणार, हे तिनं ठरवून टाकलं आहे. स्टेडियमवर आमचं जुळत नाही. ती म्हणते, आधी पोर्टेबल खोल्या संपवा. मी म्हणते, शुक्रवारची रात्र सोडली तर हे गाव एकमेकांना भेटतं कुठं? गेल्या आठवड्यात तिनं यावर जिल्ह्याच्या कर्जाचं वेळापत्रक उतरवून माझ्यासमोर ठेवलं. मी अजून ते वाचते आहे.